थोरला प्लिनी

गेल्या शनिवारी संध्याकाळी लार्क्सपरहून सॅन फ्रान्सिस्कोला येणाऱ्या फेरीबोटीच्या डेकवर उभा होतो आणि बाबांचा फोन आला. हा आमचा ठरलेला फोन. इथे शनिवार संध्याकाळचे साडेसात म्हणजे चिपळूणला रविवार सकाळचे आठ. बाबांचा चहा झालेला असतो, पेपर अजून यायचा असतो, तेवढ्या मधल्या वेळात ते मला फोन करतात.

"कुठे आहेस? वाऱ्याचा आवाज येतोय."

"बोटीत आहे बाबा. सांता रोजा म्हणून एक गाव आहे, तिथे जाऊन येतोय."

"तिथे काय विशेष?"

मी म्हणालो, "प्लिनी."

"कोण?"

मग पुढची पंधरा मिनिटं मी बाबांना थोरल्या प्लिनीची गोष्ट सांगितली. पहिल्या शतकातला रोमन अधिकारी, आरमाराचा प्रमुख, आणि वेड्यासारखा वाचणारा-लिहिणारा माणूस. जगातल्या सगळ्या गोष्टींची नोंद व्हायला हवी म्हणून ह्यानं 'नॅचरल हिस्टरी' नावाचा ३७ खंडांचा ग्रंथ लिहिला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा आधी कुतूहल म्हणून आणि मग अडकलेल्या लोकांना सोडवायचं म्हणून जहाजं घेऊन निघाला, आणि तिकडेच किनाऱ्यावर गेला. बाबा निवृत्त विज्ञान शिक्षक. एकदम खूश झाले.

"वा! म्हणजे निरीक्षण करता करताच गेला म्हणायचा. आणि त्याचं तिथे काय आहे? पुतळा?"

"तसंच काहीतरी," मी म्हणालो.

फोन ठेवला. शेजारी रेलिंगला टेकून माझा नागपूरकर रूममेट सगळं ऐकत होता. तो एवढंच म्हणाला, "पुतळा काय बे?"

तर मंडळी, सांता रोजात प्लिनीचा पुतळा नाही. तिथे प्लिनी ग्लासात मिळतो. 'प्लिनी द एल्डर' ही रशियन रिव्हर नावाच्या ब्रूअरीची डबल आयपीए जातीची बीअर आहे. अल्कोहोल ८ टक्के, आणि चव कडू. म्हणजे किती कडू ते पुढे सांगतोच. पण आधी कबुली देऊन टाकतो. मी बीअर पितो हे बाबांना माहीत नव्हतं. हिंजवडीतल्या पहिल्या नोकरीतल्या पहिल्या टीम पार्टीनंतर त्यांनी विचारलं होतं, "तू नाही ना घेतलीस?" मी "छे!" म्हणालो होतो. त्या 'छे'ला आता सहा वर्षं झाली. दर रविवारी ते 'छे' मी गपचूप रिन्यू करत होतो.

असो. आधी बीअर.

गाडी न्यायची नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोहून फेरीबोटीनं लार्क्सपर, तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत स्मार्ट नावाच्या ट्रेनचं स्टेशन, आणि मग ट्रेननं सांता रोजा. ह्या ट्रेनला धक्काबुक्की नाही, चौथी सीट नाही, डब्यात सायकल घेऊन चढणारी आजोबामंडळी आहेत. मला तर चुकल्यासारखंच वाटत होतं. स्टेशनवरून चालत फोर्थ स्ट्रीटवर गेलं की रशियन रिव्हरचा २००४ मध्ये उघडलेला जुना ब्रूपब आहे. लाकडी टेबलं, पिझ्झाचा वास, आणि भरपूर गर्दी.

ह्या बीअरचा दबदबा केवढा, तर अमेरिकेतल्या घरी बीअर बनवणाऱ्यांच्या संघटनेचं 'झायमर्जी' नावाचं मासिक आहे. त्याच्या वाचकांनी २००९ ते २०१६ अशी सलग आठ वर्षं प्लिनीला देशातली सर्वोत्तम बीअर म्हणून निवडलं होतं. हे सगळं वाचून गेलो असल्यामुळे अपेक्षा जरा जास्तच होत्या. आळंदीला जाऊन आल्यासारखं काहीतरी वाटेल असं वाटत होतं.

ग्लास आला. रंग तांबूस सोनेरी, चहा पातळ झाला की येतो तसा, पण स्वच्छ, आरपार दिसणारा. वर पांढरा फेस. नाकाजवळ नेला आणि मी थबकलोच. हा वास मला माहीत होता! पहिला झपाटा पपनसाच्या सालीचा. पपनस सोलताना सालीतून जे बारीक तुषार उडतात आणि डोळ्यांत जातात ना, तो वास. त्याच्या मागून चिडाच्या लाकडाचा. आणि सगळ्यात खाली, हापूस झाडावरून उतरवला की देठाशी जो चीक येतो त्याचा. हाताला लागला की दोन दिवस जात नाही तो. कॅलिफोर्नियातल्या एका पबमध्ये बसून मला मे महिन्यातली आमची पडवी आठवली, आंब्याची अढी घातलेली.

(हे निव्वळ होमसिकनेसमुळे झालं असं नागपूरकराचं मत पडलं. पण नंतर शोधलं तर ह्यात थोडं रसायनशास्त्रही आहे. हॉप्सच्या तेलात मायर्सीन नावाचं द्रव्य भरपूर असतं, आणि ते आंब्यातही सापडतं. तेव्हा मी अगदीच वेडा नाही.)

मग पहिला घोट.

कडू! म्हणजे नुसतं कडू नाही. आधी क्षणभर काहीतरी फळासारखं, गोडसर वाटलं आणि मग जिभेच्या मागच्या बाजूनं कडवटपणा जो चढत आला तो गिळून झाल्यावरही थांबेना. तोंड कोरडं पडलं. माझा चेहरा काय झाला असेल तो असो. नागपूरकरानंही एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "अबे, हे तर निंबाच्या पाल्यासारखं लागून राह्यलं."

मला मात्र कडुनिंब आठवला नाही. मला किराईत आठवलं.

कोकणातल्या ज्यांच्या लहानपणी घरात आजी होती त्यांना वेगळं सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. काडेचिराईत नावाची वनस्पती असते, वाळवून ठेवलेल्या काड्यांची जुडी. तिला आमच्याकडे नुसतंच 'किराईत' म्हणतात. पावसाळा लागला की त्याचा काढा व्हायचा आणि घरातल्या प्रत्येकाला तो सकाळी अनाशेपोटी प्यावा लागायचा. ताप येऊ नये म्हणून, पोटातले जंत जावेत म्हणून, रक्त शुद्ध व्हावं म्हणून. कारणं बदलायची, काढा तोच. बाबा स्वतः पितळी पेल्यातून द्यायचे आणि समोर उभे राहायचे. नाक दाबून प्यायला बंदी होती. "चव घे. कडू आहे म्हणजे काय आहे ते कळू दे," असं म्हणायचे. मग गुळाचा खडा मिळायचा. गंमत म्हणजे तेव्हा आम्ही भावंडं गुळाची वाट बघत प्यायचो, आणि मोठेपणी मात्र आठवण येते ती काढ्याची, गुळाची नाही.

विज्ञान मास्तरांचा मुलगा असल्यामुळे हे 'कडू म्हणजे काय' मी नंतर शोधून वाचलं. गोड चव ओळखायला आपल्या जिभेवर मोजकेच ग्राहक असतात. कडूसाठी मात्र सुमारे २५ प्रकारचे. कारण सरळ आहे. निसर्गातली बरीच विषं कडू असतात, तेव्हा कडू लागलं की थुंकून टाक, हा शरीराचा जुना पहारा. म्हणून लहान मूल कडू औषध थुंकतं. आणि हे कडूपणही प्रत्येकाला सारखं लागत नाही. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत एक पावडर हवेत उडाली. शेजारचा सहकारी "काय कडू आहे!" म्हणून ओरडला आणि फॉक्सला काहीच चव लागली नाही. तिथून ह्या विषयावरचं संशोधन सुरू झालं. एकाच घरात कारलं आवडीनं खाणारा आणि कारलं बघून पळणारा असे दोघे असतात, त्याचं थोडं कारण जनुकांत आहे आणि बरंचसं सवयीत. चार-पाच वेळा कडू खाऊन काही वाईट झालं नाही की मेंदू पहारा सैल करतो.

मी तेच केलं. दहा मिनिटं थांबलो, पाणी प्यायलो, पिझ्झाचा तुकडा खाल्ला आणि दुसरा घोट घेतला. ह्या वेळी कडूपणा येणार हे माहीत होतं, म्हणून त्याच्या आधी काय आहे ते कळलं. पपनस, लिंबाची साल, थोडासा भाजलेल्या पावासारखा मॉल्ट. तिसऱ्या घोटाला तर कडूपणाची वाट बघायला लागलो. तो आला नसता तर घोट अपुरा वाटला असता.

आता हा कडूपणा येतो कुठून? हॉप्समधून. हॉप्स म्हणजे एका वेलीची मादी फुलं, हिरवी, कागदी पाकळ्यांच्या छोट्या शंकूसारखी. ही वेल भांगेच्या कुळातली. फूल उकललं की आत पिवळी भुकटी दिसते, सगळी करामत तिच्यात. तिच्यातली अल्फा आम्लं मॉल्टच्या पाण्यात तास-दीड तास उकळली की त्यांची रचना बदलते आणि ती कडू होतात. जितकं उकळाल तितकं कडू. पण उकळताना सुगंधी तेलं उडून जातात. (आपण फोडणीतला कढीपत्ता आणि वरून पेरलेली कोथिंबीर वेगळी ठेवतो तसंच.) म्हणून थोडे हॉप्स सुरुवातीला टाकायचे कडूपणासाठी, थोडे शेवटी वासासाठी, आणि बीअर आंबवून झाल्यावर पुन्हा थोडे थंडच भिजत घालायचे. ह्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. माझा तो पपनसाचा वास तिथून आला होता.

कडूपणा मोजायचं एकक आहे, आयबीयू. एक लिटर बीअरमध्ये एक मिलिग्रॅम कडू आम्ल म्हणजे साधारण एक आयबीयू. आपण एरवी पितो ती लागर दहा-वीसच्या घरात असते. डबल आयपीए साठ ते शंभर. म्हणजे मला धक्का बसला तो काही मी नाजूक आहे म्हणून नव्हे!

आणि आयपीएमधला 'आय' म्हणजे आपणच बरं का. इंडिया पेल एल. आपल्याकडच्या पबमध्ये कुणी ना कुणी ती गोष्ट सांगतोच. इंग्लंडहून भारतात बीअर यायची ती वाटेत खराब व्हायची, मग एका हुशार माणसानं भरपूर हॉप्स आणि जास्त अल्कोहोल घातलं आणि आयपीए जन्मली. गोष्ट छान आहे, पण इतकी सरळ नाही. जास्त हॉप्सवाली, मुरवायची बीअर इंग्लंडमध्ये आधीपासून होती. हॉप्समुळे ती टिकते हेही माहीत होतं. लंडनमध्ये जॉर्ज हॉजसनची ब्रूअरी गोदीच्या जवळ होती, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान त्याच्याकडून उधारीवर माल घ्यायचे, आणि आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांच्या हेलकाव्यांत ती बीअर उलट छान मुरायची. पुढे १८२० च्या दशकात बर्टन गावचे ब्रूअर ह्या धंद्यात उतरले. तिथल्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे कडूपणा आणखी स्वच्छ लागायचा. शिवाय साध्या गोऱ्या शिपायांसाठी काळी पोर्टरही भरपूर येत होती. म्हणजे आमच्या नावाची बीअर आमच्यासाठी कधीच नव्हती, साहेबांसाठी होती.

त्या शिपायांवरून आठवलं. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रूअरींपैकी एक २००९ मध्ये आपल्या पुण्यात सुरू झाली, तिचं नाव डूलाली. आता हा शब्द कुठला? नाशिकजवळच्या देवळालीचा! तिथे ब्रिटिशांची छावणी होती. नोकरी संपलेले शिपाई जहाजाची वाट बघत महिनोन् महिने तिथे पडून राहायचे, उन्हानं, तापानं आणि कंटाळ्यानं त्यांचं डोकं फिरायचं. म्हणून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला. आपल्या देवळालीला इंग्रजी डिक्शनरीत असा मान मिळालाय हे मला पिंट हातात आल्यावरच कळलं. बाबांना ही माहिती प्रचंड आवडली असती. पण सांगणार कशी? माहिती कुठून मिळाली हे पण सांगावं लागलं असतं ना.

दुपार अशी गप्पांत चालली होती आणि ग्लास हळूहळू खाली जात होता. तेव्हा नागपूरकर म्हणाला, "काहीच चढून नाही राह्यली यार. आठ टक्के आहे ना?"

इथे मी जरा सावध झालो. कारण ह्या बीअरची खरी हुशारी तीच आहे. आपल्याकडे ५ टक्क्यांच्या वर गेली की लेबलवर 'स्ट्राँग' असं ठळक लिहिलेलं असतं, आणि प्यायल्यावर चवीतही ते कळतं, गोडसर, घशाला ऊब देणारं. प्लिनीमध्ये तेवढंच अल्कोहोल आहे, पण ते दिसतच नाही. गोडी अगदी कमी ठेवलेली, आणि वर हॉप्सचा एवढा मोठा पडदा. डबल आयपीएच्या जन्माची गोष्टही मजेदार आहे. प्लिनीचा कर्ता विनी चिलुर्झो १९९४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला गावात ब्लाइंड पिग नावाची छोटी ब्रूअरी चालवायचा. यंत्रसामग्री जुनाट होती, पहिल्या बीअरमध्ये काही दोष राहिला तर झाकला जावा म्हणून त्यानं हॉप्स दुप्पट केले. त्यानंच हे सांगितलेलं आहे. आणि २००० मध्ये हेवर्ड गावातल्या डबल आयपीएच्या महोत्सवासाठी त्यानं प्लिनी बनवली. म्हणजे एका अर्थी हा प्रकार जन्मला तोच काहीतरी झाकण्यासाठी.

मी मोबाईलवर हिशेब केला. (इंजिनियर आहे, दुसरं काय करणार.) अमेरिकेत 'एक ड्रिंक' म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, साध्या बीअरच्या एका कॅनमध्ये असतं तेवढं. प्लिनीची बाटली ५१० मिलिलिटरची. ८ टक्के म्हणजे सुमारे ४१ मिलिलिटर अल्कोहोल, वजनात ३२ ग्रॅम. म्हणजे एक बाटली ही सव्वादोन ड्रिंक्स. दोन बाटल्या घेऊन "आज दोनच घेतल्या" म्हणणारा माणूस खरं तर साडेचार घेऊन आलेला असतो.

"दोनच घेतल्या रे." हे वाक्य मी लहानपणी खूप ऐकलंय.

माझे थोरले काका. बाबांचे मोठे भाऊ. मुंबईला गोदीत नोकरीला होते. गणपतीला यायचे तेव्हा आमच्यासाठी रंगपेटी आणि चॉकलेटं आणायचे. आरती त्यांच्याइतक्या खड्या आवाजात घरात कुणी म्हणत नसे. आणि संध्याकाळी मागच्या अंगणातून आत येताना बाबांना म्हणायचे, "दोनच घेतल्या रे." वाईट माणूस नव्हता. आरडाओरडा नाही, मारझोड नाही. फक्त हळूहळू रंगपेटी यायची बंद झाली, मग पगार घरी यायचा बंद झाला, मग काकाच यायचे बंद झाले. मी नऊ वर्षांचा असताना लिव्हर गेल्यामुळे ते वारले, पन्नाशीच्या आत. शेवटचा दीड महिना बाबा रजा टाकून मुंबईला त्यांच्या खाटेशेजारी होते. परत आले ते दहा किलो उतरून. त्यावर आमच्या घरी कधीच काही बोलणं झालं नाही. बाबांनी मला दारू पिऊ नको असं भाषणही दिलं नाही. पार्टीनंतरचा तो एक प्रश्न, बस्स. आणि माझं 'छे'.

तर तिथे बसल्या बसल्या मला काय वाटलं ते सांगतो. मी बाबांपासून लपवत होतो ते त्यांना त्रास होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. पण खरं कारण वेगळं होतं. सांगितलं असतं तर मला मोजावं लागलं असतं. किती घेतोस? किती वेळा? कधीपासून? लपवलं की हिशेब द्यावा लागत नाही, स्वतःलाही नाही. काका हिशेब द्यायचे, फक्त चुकीचा द्यायचे.

आणि हिशेब गंभीर आहे, ह्यात शंका नाही. दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. कर्करोग होण्याच्या कारणांत बीअरही येते, क्राफ्ट असली तरी. हॉप्स औषधी असतात, बीअर किडनीला चांगली वगैरे जे फॉरवर्ड येतात ते सोडून द्या. मी प्यायलो ते मला आवडली म्हणून. किराईत प्यायलो ते बाबांनी सांगितलं म्हणून. दोन्ही कडू असल्यामुळे दोन्ही सारखी होत नाहीत, एवढं मला कळतं.

एक ग्लास संपवून आम्ही थांबलो. नागपूरकराला आणखी एक हवा होता, पण मी त्याला माझा मोबाईलवरचा हिशेब दाखवला. "बे, बीअर प्यायला आलो का गणिताच्या ट्यूशनला?" असं म्हणत त्यानंही पाणी मागवलं. निघताना काउंटरवर बाटल्या मांडलेल्या होत्या. प्लिनीच्या लेबलवर एक गमतीदार सूचना असते. थोरल्याचा मान राखा, थंड ठेवा, ताजी असतानाच प्या, मुरवत ठेवू नका, अशा अर्थाची. कारण हॉप्सचा सुगंध फार नाजूक, ठेवली की आधी वास जातो, पपनस आणि चीक सगळं उडून जातं, आणि मागे नुसता कडूपणा राहतो.

मुरवत ठेवू नका. सहा वर्षं म्हणजे जरा जास्तच मुरवलं होतं मी.

आणि तरी बोटीवर बाबांचा फोन आला तेव्हा मी पुन्हा व्हेसुव्हियसची गोष्ट सांगितली. पुतळ्यापर्यंत आलो. त्या रात्री मला स्वतःची खूप लाज वाटली. झोप येईना म्हणून धाकट्या प्लिनीबद्दल वाचत बसलो. हा थोरल्या प्लिनीचा पुतण्या नव्हे, भाचा, बहिणीचा मुलगा. मामानं दत्तक घेतलेला. उद्रेकाच्या दिवशी मामानं त्याला विचारलं, येतोस का बोटीतून बघायला? सतरा वर्षांचा हा मुलगा म्हणाला, नको, माझा अभ्यास राहिलाय. मामा गेला तो परत आला नाही. पुष्कळ वर्षांनी टॅसिटस नावाच्या इतिहासकारानं विचारलं तेव्हा ह्या भाच्यानं पत्रं लिहून सगळं सांगितलं. मामा कसा गेला, आणि त्या वेळी आपण काय करत होतो, अभ्यासाच्या सबबीसकट. व्हेसुव्हियसबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं बरंच त्या पत्रांमुळे. (त्याच्या नावाचीही बीअर आहे, प्लिनी द यंगर. ट्रिपल आयपीए, वर्षातून थोडेच दिवस मिळते आणि लोक रांगा लावतात. ती मी प्यायलेलो नाही.)

पुढच्या शनिवारी, म्हणजे काल, साडेसातला फोन आला. मी घरीच होतो, वाऱ्याबिऱ्याचा आवाज नव्हता.

"बाबा, ते प्लिनीचं," मी म्हणालो. "तो पुतळा नाहीये. ती बीअर आहे. मी प्यायलो."

तिकडे शांतता. कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"किती?"

"एक ग्लास. आठ टक्क्यांची आहे. म्हणजे साध्या दोन बीअरच्या बरोबरीची."

"गाडी?"

"नेलीच नव्हती. ट्रेननं गेलो होतो."

"हं." मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला. "आणि पहिल्यांदाच?"

"नाही. सहा वर्षं झाली. तुम्ही विचारलं होतं तेव्हा खोटं बोललो होतो. महिन्यातून एकदा-दोनदा घेतो."

"अण्णा पण आकडा सांगायचा," बाबा म्हणाले. काकांना ते अण्णा म्हणायचे. त्यांच्या तोंडून ते नाव मी कित्येक वर्षांनी ऐकलं. "मी कधी मोजून बघितला नाही. थोरला भाऊ, त्याला कसं विचारणार." पुन्हा थांबले. "तुला मी विचारणार आहे. दर रविवारी. राग मानायचा नाही."

"नाही मानणार."

"मला हे आवडलेलं नाही, हेही ऐकून ठेव."

"हो बाबा."

मग पेपरवाला आला असावा, कारण कडी वाजली. जाता जाता त्यांनी विचारलं, "कशी लागते रे? एवढं नाव ठेवलंय तर."

"किराईतासारखी," मी म्हणालो. "पण गूळ देत नाहीत."

बाबा हसले की नाही ते कळलं नाही. फोन ठेवला होता.

आज रविवार. पुढच्या शनिवारी ते विचारतील तेव्हा माझा आकडा शून्य असेल की एक, ते अजून ठरलेलं नाही. पण जो असेल तो खरा सांगेन. आणि देवळालीची गोष्ट राहिलीच आहे, ती आता बिनधास्त सांगता येईल. :-)